इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज धरत नाही? आधी कमजोर सेल शोधा

पॅनलवर ‘बॅटरी फुल’ दिसतंय, हिरवा दिवा लागलाय, आणि वीज गेली की वीस मिनिटांत पंखे बंद. अशा वेळी दुकानात ‘बॅटरी गेली’ असं उत्तर मिळतं, नाहीतर कुणीतरी ‘ॲसिड बदलून घ्या’ म्हणून सांगतं. दोन्हीच्या आधी एक तपासणी घरच्या घरी करता येते. बॅटरी म्हणजे सहा सेल, आतले सहा स्वतंत्र कप्पे. अनेकदा त्यातला एखादाच मागे पडलेला असतो आणि बाकीच्या पाचांना खाली ओढत असतो. तो कोणता, कशामुळे मागे पडला आणि त्याला वर आणता येईल का, एवढं या लेखात आहे.

उदाहरण म्हणून घराघरात असते ती १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) ट्युब्युलर बॅटरी घेतली आहे, म्हणजे पाणी घालावं लागतं ती. गाडीच्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही तत्त्व तेच लागू आहे, आकडे थोडे बदलतात. सीलबंद एसएमएफ आणि लिथियम बॅटऱ्यांचं वेगळं आहे, त्याबद्दल शेवटाकडे.

चार्ज होताना आत काय होतं

लेड-ॲसिड बॅटरीचा शोध १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी लावला आणि मूळ रसायन आजही तेच आहे. पॉझिटिव्ह प्लेटवर तपकिरी लेड डायऑक्साइड, निगेटिव्ह प्लेटवर करडं, सच्छिद्र शिसं आणि दोन्हींच्या मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली जाते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो, लेड सल्फेट तयार होतं, आणि द्रावणात पाण्याचं प्रमाण वाढतं. चार्ज करताना याच्या उलट होतं: प्लेटवरचं सल्फेट सुटतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं.

म्हणजे बॅटरीतली वीज किती शिल्लक आहे, हे ॲसिडच्या दाटपणावरून कळतं. या दाटपणाला बॅटरीवाले नुसतं ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात आणि १.२४० ला ‘बाराशे चाळीस’. ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरली की २७ अंश तापमानाला साधारण १२४० दाखवते, अर्धी असताना ११८० च्या आसपास, रिकामी झाली की ११२० च्या आसपास. गाडीच्या बॅटरीत ॲसिड जास्त दाट असतं, ती भरल्यावर १२७० ते १२८० पर्यंत जाते. तुमच्या बॅटरीचा नेमका आकडा तिच्या लेबलवर किंवा वॉरंटी कार्डावर असतो. तोच प्रमाण माना.

ग्रॅव्हिटीवरून व्होल्टेजचाही अंदाज बांधता येतो. आकड्यात ०.८४ मिळवा, एका सेलचं विश्रांतीतलं व्होल्टेज मिळतं. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८ व्होल्ट, सहा सेलचे मिळून जवळपास १२.५. अर्ध्या बॅटरीचे १२.१, रिकाम्याचे ११.८. भरलेली आणि रिकामी यांत फरक जेमतेम पाऊण व्होल्टचा. म्हणून पॅनलवरच्या चार-पाच दांड्यांवर फार विसंबू नये.

आता चार्जरकडे. चार्जरचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जितकं जास्त, तितका करंट आत ढकलला जातो, आणि बॅटरीचा अंतर्गत रोध जितका जास्त तितका तो अडतो. सुरुवातीला चार्जर ठरलेला करंट देतो. क्षमतेच्या दहा टक्के हा सुरक्षित आकडा, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. व्होल्टेज हळूहळू चढत १४.४ ला पोचलं की चार्जर ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरू लागतो. करंट दोन-तीन अँपिअरवर आला की चार्जर १३.६ च्या आसपास उतरून बॅटरी नुसती भरलेली राखतो, याला फ्लोट म्हणतात.

अर्धी रिकामी बॅटरी म्हणजे ७५ एएच भरायचे. थोडा करंट उष्णतेत आणि बुडबुड्यांत जातो, म्हणून सुमारे ८५ एएच द्यावे लागतात. १५ अँपिअरने हे सहा तासांत व्हायला हवं असं गणित सांगतं. प्रत्यक्षात आठ ते दहा तास लागतात, कारण शेवटच्या टप्प्यात करंट उतरलेला असतो. दिवसातून दोनदा लोडशेडिंग आणि मध्ये चार-चार तास वीज, अशा गावात बॅटरी त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. बहुतेक कमजोर सेलांची सुरुवात इथे होते.

कमजोर सेल चार्ज का घेत नाही

सल्फेट प्लेटवरून थेट उठून जात नाही. आधी ते ॲसिडात विरघळावं लागतं, मग त्याचं शिसं किंवा लेड डायऑक्साइड होतं. लेड सल्फेट विरघळतं अगदी नाममात्र, लिटरमागे काही मिलिग्रॅम. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ते भराभर सुटतं. तेच आठवडेच्या आठवडे प्लेटवर राहिलं की बारीक कण मोडून मोठे स्फटिक बनतात. सल्फेट तेवढंच, पण पृष्ठभाग कितीतरी कमी. मग करंट कितीही ढकला, विरघळण्याचा वेग वाढत नाही. न मावणारा करंट पाण्याचं विघटन करू लागतो: बुडबुडे येतात, सेल तापतो, व्होल्टेज उडी मारून वर जातं. यालाच सल्फेशन म्हणतात.

आणि इथे चार्जर फसतो. त्याला दिसते ती फक्त दोन टोकांमधली बेरीज. व्होल्टेज १४.४ ला पोचलं म्हणजे बॅटरी भरली, इतकंच त्याला कळतं. वर्गाची सरासरी सत्तर टक्के आली म्हणून मागच्या बाकावरचा पास होत नाही, पण चार्जर प्रगतिपुस्तक उघडून बघत नाही. सल्फेट झालेली बॅटरी अर्ध्या तासात ‘फुल’ होते त्याचं कारण हे.

सहा सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे करंट सगळ्यांतून सारखाच जातो. कुणाला जास्त, कुणाला कमी देता येत नाही. त्यामुळे कमजोर सेलचे तीन वेगळे प्रकार होतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा आहे.

पहिला, मागे राहिलेला सेल. याची प्लेट चांगली आहे, पण स्वतःहून होणारी गळती इतरांपेक्षा थोडी जास्त आहे किंवा कधीतरी पाणी कमी पडलं होतं. बाकीचे पाच भरले की बेरीज १४.४ होते, करंट उतरतो आणि हा ८० टक्क्यांवरच राहतो. पुढच्या वेळी ७५. दर चक्राला थोडा मागे. वेळीच लक्ष दिलं तर हा पूर्ण सुधारतो.

दुसरा, क्षमता गमावलेला सेल. सल्फेट घट्ट झालंय किंवा प्लेटवरचा मसाला (काम करणारा थर) झडून तळाशी गाळ झालाय. हा सगळ्यांच्या आधी ‘भरतो’ आणि उकळल्यासारखे बुडबुडे काढत बसतो, म्हणून पाणीही हाच जास्त खातो. वापरताना सगळ्यांच्या आधी संपतो. संपल्यावरही बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते. दोन व्होल्ट द्यायचे तो उलट एखादा व्होल्ट खातो. सल्फेट अजून कोवळं असेल तर काही अंशी सुधारणा होते. मसाला झडला असेल तर नाही.

तिसरा, आतून शॉर्ट झालेला. गाळ वर येऊन प्लेटांना टेकला, किंवा प्लेटांमधला सेपरेटर, म्हणजे मधला पडदा, फाटला. बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवली तरी असं होतं: ॲसिड जवळजवळ पाणी झालेलं असतं, पातळ द्रावणात लेड सल्फेट जास्त विरघळतं, सेपरेटरच्या छिद्रांत शिरतं, आणि चार्ज करायला लावलं की तिथेच त्याचं शिसं होऊन प्लेटांमध्ये बारीक पूल तयार होतात. विश्रांतीत बॅटरी १०.५ च्या आसपास दाखवते. चार्जर १४.४ गाठू पाहतो, पण ते आता पाचच सेलांवर पडतं, प्रत्येकी जवळपास २.९ व्होल्ट. चार्जर फ्लोटवर कधीच येत नाही आणि चांगले पाच सेल उकळून मरतात. याला इलाज नाही. लावून ठेवू नका.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, ग्रॅव्हिटी मोजायचा काचेचा हायड्रोमीटर (बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो), बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटर, प्लास्टिकचं नरसाळं, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जुना सुती कपडा, पाव किलो खाण्याचा सोडा, वही. थर्मामीटर असला तर उत्तम. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार राहतातच. फ्रिजचं बर्फाचं पाणी किंवा एसीचं ठिबकणारं पाणीही टाळा. पावसाचं पाणी वापरण्याची पद्धत गावाकडे आहे, पण पत्र्यावरून पन्हळीतून आलेलं असेल तर त्यात लोखंड आणि धूळ असते. लोखंड बॅटरीत गेलं की सेल बसल्या जागी रिकामा होत राहतो.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांपर्यंत गेला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा, देवघरातली समई किंवा गॅसची शेगडी जवळ नको. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर लालबुंद होतो. चार्जरची क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करा, चालू असताना ओढू नका. इन्व्हर्टरच्या बाबतीत एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही: भिंतीतला प्लग काढला तरी इन्व्हर्टर बॅटरीवरून २३० व्होल्ट देत राहतो. म्हणून आधी समोरचं बटण बंद, मग प्लग, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, शेवटी पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रम.

ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली आणि थेट डॉक्टरकडे. सोडा फरशीसाठी आणि टर्मिनलसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही.

पायरी १: बॅटरीला दोष देण्याआधी जोडणी तपासा

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर तिथेच व्होल्टेज हरवतं. ०.०५ ओहमचा रोधसुद्धा १५ अँपिअरला पाऊण व्होल्ट खातो. चार्जर १४.४ देतोय, बॅटरीला मिळतात १३.६५, आणि इतक्यात ती कधीच पूर्ण भरत नाही.

चार्जिंग चालू असताना मीटरची एक सुई वायरच्या क्लॅम्पवर आणि दुसरी शिशाच्या खुंटीवर टेकवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सगळं बंद करून, वायरी काढून, कोमट पाण्यात सोडा कालवून टर्मिनल धुवा. झाकणांच्या छिद्रांतून सोडा आत जाऊ देऊ नका, तो ॲसिडच मारेल. कोरडं करा, नट घट्ट करा, मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावून मग नट घट्ट करायची सवय सोडा.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायची कळ असते का तेही बघा. ट्युब्युलर बॅटरी आणि कळ एसएमएफवर असेल तर चार्जिंग व्होल्टेज कमी मिळतं. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरला संध्याकाळी २३० ऐवजी १७० व्होल्टच येत असतील, तर चार्जिंग करंट आपोआप पडतो. तिथे बॅटरी बदलून काही होणार नाही.

पायरी २: पाणी

सहाही झाकणं उघडून टॉर्चने आत बघा. मोबाइलची टॉर्च चालेल, काडी नको. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी आत्ता घाला. पूर्ण पातळी चार्जिंग झाल्यावर करायची, कारण चार्ज होताना द्रावण फुगून वर येतं आणि बाहेर सांडतं. सांडतं ते नुसतं पाणी नसतं, ॲसिड असतं. पातळीदर्शक दांडी असेल तर ती वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका.

कोणता सेल किती पाणी प्यायला ते वहीत लिहा. पाच सेलांना शंभर-शंभर मिली आणि एकाला तीनशे, तर संशयित सापडला.

पायरी ३: पूर्ण चार्ज, मग विश्रांती

बॅटरीवर काहीही न चालवता सलग बारा तास चार्ज करा, फार रिकामी असेल तर चोवीस. मग वायर काढून दोन-तीन तास तशीच ठेवा. चार्जर काढल्या काढल्या दिसणारे १३ व्होल्ट हे वरवरचे असतात, ते उतरू द्यावे लागतात.

काही आधुनिक चार्जर १० व्होल्टच्या खाली गेलेल्या बॅटरीला ओळखतच नाहीत आणि चार्जिंग सुरू करत नाहीत. अशा वेळी साध्या, हाताने करंट ठरवता येणाऱ्या चार्जरने आधी तीन-चार अँपिअरवर थोडा वेळ लावून व्होल्टेज वर आणावं लागतं.

पायरी ४: ग्रॅव्हिटी घ्या

पॉझिटिव्ह टोकाकडून सेलांना १ ते ६ क्रमांक द्या. हायड्रोमीटरचा रबरी फुगा आधी दाबा, मग नळी आत घाला, हळूच सोडा. आतला तरंगता काटा कुठेही न टेकता मोकळा तरंगला पाहिजे. डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडा वाचा. ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. दुसऱ्यात सोडलं तर दोन्ही सेलांचं माप कायमचं बिघडतं.

पाणी घातल्या घातल्या माप घेऊ नका. नवं पाणी वर तरंगतं आणि आकडा खोटा कमी येतो. चार्जिंगच्या मध्यावरही तसंच: प्लेटांतून सुटणारं दाट ॲसिड जड असल्यामुळे तळाशी जातं, हायड्रोमीटर वरचं खेचतो. ट्युब्युलर बॅटरी उंच असल्यामुळे हे जास्तच. शेवटच्या टप्प्यातले बुडबुडे ते ढवळून एकसारखं करतात. म्हणजे थोडे बुडबुडे येणं बॅटरीच्या हिताचं आहे.

तापमानाची दुरुस्ती: २७ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना सात मिळवा, खाली असेल तर वजा करा. उन्हाळ्यात ॲसिड ३७ अंशांवर असताना १२३० आलं तर खरा आकडा १२३७.

आता आकडे वाचूया. सहाही सेल १२३० ते १२४५ मध्ये असतील तर रसायन ठीक आहे. सहाही सारखेच, पण सगळे ११८० ला असतील तर एकही सेल कमजोर नाही, बॅटरी अर्धीच भरतेय. पायरी १ कडे परत जा. पाच सेल १२३५ आणि एक १२१०, तर हा मागे राहिलेला, सुधारेल. पाच सेल १२३५ आणि एक ११८० किंवा त्याखाली, तर प्रकरण गंभीर. एकाच सेलचं द्रावण चहासारखं तपकिरी दिसत असेल तर पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला झडतोय.

पायरी ५: लोडवर बघा

ग्रॅव्हिटी चांगली असूनही क्षमता गेलेली असू शकते. प्लेटवरचा मसालाच कमी झाला असेल तर उरलेला पूर्ण चार्ज होतो आणि आकडा छान दिसतो. म्हणून भरलेल्या बॅटरीवर ठरलेला भार चालवा. ७५ वॉटचे तीन पंखे म्हणजे २२५ वॉट. इन्व्हर्टरमधला तोटा धरून बॅटरीतून सुमारे २३ अँपिअर. १५० एएच हा आकडा वीस तासांत ७.५ अँपिअरने रिकामी करण्यावर दिलेला असतो, जास्त करंटला तो कमी भरतो. तरी चांगली बॅटरी हा भार चार-पाच तास ओढते.

दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहा. चांगली बॅटरी १२.२ वगैरेवरून सावकाश उतरते. कमजोर सेल असेल तर एका क्षणी व्होल्टेज दोनेक व्होल्टने कोसळतं आणि मग पुन्हा स्थिरावतं. तो एक सेल त्या क्षणी संपला. भार चालू असतानाच झाकणं उघडून टॉर्चने पटकन बघा आणि लगेच भार बंद करा. करंट बाहेर जात असतानाही ज्या सेलमध्ये बुडबुडे येतात तो उलटलेला. बाजारातल्या बहुतेक बॅटऱ्यांत सेलांची जोडणी झाकणाखाली बंद असते, त्यामुळे एकेका सेलचं व्होल्टेज थेट मोजता येत नाही. हा डोळ्यांनी बघायचा पुरावा म्हणूनच मोलाचा.

पायरी ६: सेल वर आणण्याचा प्रयत्न

मागे राहिलेल्या सेलला जोराची नाही, वेळेची गरज असते. उपाय म्हणजे इक्वलायझिंग चार्ज: कमी करंट, जास्त वेळ, आणि १४.४ ची मर्यादा तात्पुरती ओलांडलेली. भरलेल्या पाच सेलांत जास्तीचा करंट पाणी फोडण्यात जातो, प्लेटांचं फारसं नुकसान होत नाही, आणि त्याच करंटवर सहावा भरत राहतो.

घरगुती इन्व्हर्टरने हे होत नाही. बॅटरी इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवा (जास्त व्होल्टेज त्याच्या सर्किटला सोसणार नाही) आणि करंट ठरवता येणारा चार्जर लावा. नसेल तर बॅटरीच्या दुकानात असतो. बॅटरी आधी नेहमीसारखी पूर्ण भरलेली हवी. मग १५० एएचला चार ते पाच अँपिअर. व्होल्टेज १५.५ ते १६ पर्यंत चढेल, चढू द्या. झाकणं जागेवर ठेवा पण त्यांची छिद्रं मोकळी असल्याची खात्री करा. दर तासाला मागे पडलेल्या सेलची ग्रॅव्हिटी आणि तापमान लिहा. ओळीने तीन मापं सारखी आली की काम झालं. ॲसिड ५० अंशांवर गेलं तर थांबा, थंड होऊ द्या. शेवटी पाण्याची पातळी करा.

सल्फेट घट्ट झालं असेल तर आणखी कमी करंट: दोन-तीन अँपिअर, दोन ते तीन दिवस. इथे एक विचित्र वाटणारी गोष्ट दिसते. सुरुवातीला व्होल्टेज भलतंच वर जातं, मग करंट तोच असूनही काही तासांत खाली उतरतं, आणि मग पुन्हा हळूहळू चढू लागतं. हे मधलं उतरणं ही आशेची खूण. सल्फेट विरघळायला लागलंय, रोध कमी होतोय. दोन दिवसांत व्होल्टेज उतरलंच नाही आणि ग्रॅव्हिटीही हलली नाही, तर तो नाद सोडा.

आता ॲसिडबद्दल, कारण सगळ्यात जास्त बॅटऱ्या यात वाया जातात. ग्रॅव्हिटी कमी आली की ॲसिड ओतायचं, हा उपाय अजूनही सर्रास केला जातो. पण ॲसिड कुठे गेलेलं नसतं, ते सल्फेट बनून प्लेटांवर बसलेलं असतं. वरून ओतलं की हायड्रोमीटर १२४० दाखवतो, प्लेटांवरचं सल्फेट तसंच, आणि बॅकअपमध्ये काडीचा फरक नाही. पुढे कधी बॅटरी नीट चार्ज झालीच तर ते सल्फेट सुटून ग्रॅव्हिटी १२८० च्या पार जाते आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजू लागते. ॲसिड घालायची वेळ एकच: बॅटरी आडवी होऊन खरोखर सांडली असेल तेव्हा, पूर्ण चार्ज केल्यावर, लेबलवरच्या ग्रॅव्हिटीचं तयार ॲसिड. बाजारात ‘बॅटरी जिवंत करणाऱ्या’ पावडरी मिळतात, एप्सम सॉल्ट नाहीतर तुरटी घालायचा सल्लाही मिळतो. मीठ कोणतंही असो, द्रावण दाट होतं म्हणून आकडा वाढतो, क्षमता नाही.

दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरमध्ये सहा सेलांच्या जागी बारा होतात, आणि तीच अडचण बॅटरी-बॅटरीमध्ये दिसते. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात एकूण २८.८ असताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १४.४ आणि १४.४ हवेत, दोन-तीन दशांशांचा फरक चालेल. एक १५.३ आणि दुसरी १३.५ असेल तर पहिली उकळतेय आणि दुसरी उपाशी आहे. दोन्ही सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक पूर्ण भरा, मग जोडा. महिन्याभरात फरक परत आला तर ग्रॅव्हिटी घेऊन दोषी ठरवा. चार वर्षांच्या बॅटरीला नवी जोडीदार आणली तर नवीही लवकरच जुनीच्या वळणावर जाते. बदलायच्या तर दोन्ही, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

रिकामी झालेली बॅटरी त्याच दिवशी चार्जला लावा. गावचं घर महिनाभर बंद ठेवून जाताना बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह वायर काढून ठेवा, आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा भरा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, ४० अंशांच्या खोलीत, १४.४ जास्त पडतात, १४.१ पुरतात. तापमान ओळखणारा चार्जर हे स्वतः करतो, नसेल तर निदान बॅटरी पश्चिमेच्या भिंतीला, उन्हात ठेवू नका, आणि मे महिन्यात पाणी दर पंधरा दिवसांनी बघा. इतर वेळी दोन महिन्यांतून एकदा पुरे. चांगल्या बॅटरीलासुद्धा वर्षातून दोन-तीनदा इक्वलायझिंग चार्ज दिलेला बरा.

एसएमएफ आणि जेल बॅटरीला मात्र हा चार्ज कधीही देऊ नका. १५.५ व्होल्टला आतलं पाणी फुटून वायू होऊन झडपेतून जातं आणि ते परत घालता येत नाही. लिथियमचा मामला उलटा आहे. चार लिथियम फॉस्फेट सेलांच्या बॅटरीत आतलं बीएमएस नावाचं सर्किट प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर ठेवतं, आणि एकच सेल ३.६५ व्होल्टला पोचला की सगळं चार्जिंग तोडतं. म्हणजे तिथे कमजोर सेल लपत नाही, उलट सगळ्यांना थांबवतो. खूप खाली गेलेला लिथियम सेल थेट पुरवठा जोडून ‘उठवायचा’ प्रयत्न करू नका. त्याच्या आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि चार्ज करताना आतून शॉर्ट होऊन आग लागते.

एवढं करूनही सेल उठला नाही तर बॅटरी बदला. एका सेलच्या प्लेटा बदलून देणारे कारागीर आहेत, पण पाच जुन्या सेलांत एक नवा म्हणजे वर्षभरात सहावा नाही तर पाचवा तक्रार करणार. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याआधी ॲसिड गटारात ओतू नका, वजन कमी करायला म्हणूनही नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, शिशाच्या भावाने किंमत वजा होते. वॉरंटी शिल्लक असेल तर वहीतली सहा सेलांची मापं सोबत न्या. तारखेसकट लिहिलेले आकडे समोर ठेवले की ‘चार्ज करून देतो, आठवड्याने या’ हे उत्तर सहसा मिळत नाही.